लोकलायझरच्या वाटेतलं विमान : म्युनिक, ३ नोव्हेंबर २०११

मँचेस्टरहून आलेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७-३००ईआर म्युनिकच्या दक्षिणेकडच्या धावपट्टीवर, ०८ राइटवर, उतरत होतं. ढग बरेच खाली आले होते, पण दाट धुकं नव्हतं. विमान ऑटोपायलटनंच टेकवायचं आणि टेकल्यावर धावपट्टीच्या मध्यरेषेवरही त्यानंच धरून ठेवायचं, म्हणजे ऑटोलँड करायचं, असं वैमानिकांनी ठरवलं होतं. जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर असताना विमान हळूहळू डावीकडे कलायला लागलं. कल फार नव्हता, साडेतीन अंशांपर्यंत गेला. डाव्या बाजूची मुख्य चाकं आधी टेकली. वैमानिकांनी उतरणं सोडून पुन्हा उडायचं ठरवलं आणि त्यासाठीचं टोगा बटण दाबलं. काहीच झालं नाही. विमान डावीकडे सरकत धावपट्टी सोडून गवतात शिरलं, तिथून उजवीकडे वळलं, धावपट्टी आडवी ओलांडून पलीकडे गेलं आणि दक्षिणेच्या गवतात जाऊन थांबलं. कोणालाही इजा झाली नाही. विमानाचं नुकसानही किरकोळ होतं.

जीवितहानी नाही म्हणून ही घटना बातम्यांतून लवकर विरली. पण दाट धुक्यात जेट विमान यंत्रांच्या भरवशावर कसं उतरतं हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते याहून चांगलं प्रकरण सापडणं अवघड आहे. कारण त्या दिवशी विमानात काही बिघडलं नव्हतं. जमिनीवरची संदेश पाठवणारी यंत्रणाही ठणठणीत होती. वैमानिकांनी सुरू केलेली ऑटोलँडची प्रक्रिया दोनशे मीटर दृश्यमानतेच्या धुक्यात रोज सुखरूप पार पडते, तीच होती. कमी होती ती धुक्याची. धुकं असतं, तर हा प्रकार बहुधा घडलाच नसता.

हे विधान विचित्र वाटेल. त्यासाठी आधी ऑटोपायलटला धावपट्टी कशी 'दिसते' ते पाहावं लागेल.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, मध्यरेषेच्या पुढे वाढवलेल्या ओळीत, अँटेनांची एक रांग असते. हा लोकलायझर. तो १०८ ते ११२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक लहर सोडतो आणि तिच्यावर दोन स्वर चढवलेले असतात, एक ९० हर्ट्झचा आणि दुसरा १५० हर्ट्झचा. उतरणाऱ्या विमानाच्या दृष्टीनं मध्यरेषेच्या डाव्या बाजूला ९० चा जोर जास्त असतो, उजव्या बाजूला १५० चा. दोन्ही बरोबरीनं आले की विमान मध्यावर. उंचीसाठी ग्लाइड स्लोप नावाची दुसरी अँटेना धावपट्टीच्या कडेला, विमान जिथे टेकतं त्या भागाजवळ असते. ती साधारण ३ अंशांचा उतार आखून देते. या दोन्ही मिळून आयएलएस. शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत उंचीची अचूक मोजणी रेडिओ अल्टिमीटर करतो. तो लहर खाली सोडतो आणि ती जमिनीवरून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढतो.

या सगळ्यात विमानाला धावपट्टी कुठेच दिसत नाही. त्याला कळतो तो फक्त दोन स्वरांमधला फरक. मध्यरेषा म्हणजे त्याच्या लेखी 'फरक शून्य'. शून्य खऱ्या मध्यरेषेवर आहे की वीस मीटर बाजूला, हे तपासायला त्याच्याकडे दुसरं साधन जवळजवळ नसतं. जडत्वावर चालणारी यंत्रणा लोकलायझरच्या बारीक थरथरीला काही प्रमाणात गाळून टाकते, पण चूक काही सेकंद टिकली की ऑटोपायलट तिच्यामागे जातो. तो जावा अशीच त्याची रचना आहे.

आता ही लहर धावपट्टीभर पसरलेली असताना तिच्या वाटेत धातूचं मोठं धूड आलं तर काय होईल? दरीत हाक मारली की मूळ आवाजात समोरच्या कड्यावरून आलेला आवाज मिसळतो आणि हाक नेमकी कुठून आली ते कळेनासं होतं, तसंच इथे होतं. विमानाच्या शेपटीवरून, पंखांवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीत मिसळते, दोन स्वरांचा तोल बिघडतो आणि 'शून्य' जागचं हलतं. म्हणून लोकलायझर आणि ग्लाइड स्लोपभोवती क्रिटिकल आणि सेन्सिटिव्ह असे दोन टापू ठरवलेले असतात. मोठ्या विमानांसाठी सेन्सिटिव्ह टापू धावपट्टीच्या कडेनं बराच लांबवर पसरतो. टॅक्सीवेवर धावपट्टीपासून जास्त मागे थांबण्याच्या ज्या वेगळ्या रेषा आखलेल्या असतात, त्या या टापूसाठी.

उडणाऱ्या विमानाचं मात्र काय करणार? ते धावपट्टीवरून धावत त्याच अँटेनांच्या दिशेनं जातं आणि त्यांच्याच डोक्यावरून निघून जातं. त्याला टापूबाहेर ठेवणं शक्यच नाही. मागून येणारं विमान पुरेसं लांब ठेवणं, एवढाच उपाय.

म्युनिकला त्या दिवशी बोइंगच्या पुढे ॲव्हरो आरजे जातीचं चार इंजिनांचं एक छोटं प्रवासी जेट त्याच धावपट्टीवरून उडत होतं. बोइंग अगदी जवळ आलेलं असताना ते लोकलायझरच्या अँटेनांवरून गेलं. लहर वाकली. बोइंगच्या ऑटोपायलटला वाटलं की मध्यरेषा डावीकडे आहे आणि तो इमानेइतबारे डावीकडे वळला. जर्मनीच्या विमान अपघात तपास संस्थेनं, बीएफयूनं, जे कारण काढलं त्याचा गाभा हाच : आयएलएसचा टापू मोकळा ठेवलेला नसताना केलेलं ऑटोलँड आणि पुढच्या विमानामुळे बिघडलेला लोकलायझरचा संदेश.

साडेतीन अंशांचा कल म्हणजे किती? प्रवाशाला तो जाणवणारही नाही. पण हिशेब करून बघा. एवढ्या कलानं मिळणारा बाजूचा प्रवेग सेकंदाला सेकंदामागे ०.६ मीटर येतो. कल तसाच राहिला तर पाच सेकंदांत विमान सात-आठ मीटर सरकतं आणि दहा सेकंदांत तीस मीटर. म्युनिकची धावपट्टी ६० मीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तीसच मीटर. बोइंग ७७७ च्या दोन मुख्य चाकगटांमध्ये सुमारे ११ मीटर अंतर असतं, त्यामुळे बाहेरचं चाक कडेला त्याहूनही आधी पोचतं. शिवाय सरकण्याबरोबर नाकाची दिशाही वळत असते आणि टेकल्यावर विमान त्याच दिशेनं पळतं.

आणखी एक आकडा इथे महत्त्वाचा आहे. लोकलायझर साधारणपणे असा जुळवलेला असतो, की थ्रेशोल्डपाशी, म्हणजे जिथून धावपट्टी सुरू होते तिथे, सुई मापाच्या टोकाला गेली तर विमान मध्यरेषेपासून सुमारे १०५ मीटर बाजूला असतं. म्हणजे पूर्ण मापाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी चूक झाली तरी तिथे धावपट्टी संपलेली असते. दहा मैलांवर जी चूक नगण्य असते, ती इथे चाकं गवतात घालते.

मग तीन-तीन ऑटोपायलट असताना एकानंही हरकत कशी घेतली नाही? बोइंग ७७७ वर ऑटोलँडसाठी तीन स्वतंत्र यंत्रणा एकत्र काम करतात आणि एकमेकींवर नजर ठेवतात. सगळं नीट असेल तर पडद्यावर 'लँड ३' दिसतं. त्याचा अर्थ असा, की २०० फुटांच्या इशारा-उंचीखाली यातली एक बंद पडली तरी उरलेल्या दोघी विमान उतरवू शकतात. ही रचना कौतुकास्पद आहे आणि धुक्यातल्या उतरण्याचा कणाही तीच आहे. पण ती विमानातला बिघाड पकडण्यासाठी आहे. एकीचं म्हणणं इतर दोघींशी जुळलं नाही की तिला बाजूला काढायचं, हे तिचं तर्कशास्त्र. म्युनिकला तिघींनी एकच वाकडी लहर ऐकली, तिघींनी एकच चुकीचं उत्तर काढलं आणि तिघींचं एकमत झालं. मध्यरेषेपासून भरकटल्याची सूचना देणारी व्यवस्थाही याच लहरीवर चालते. ऑटोपायलट त्या खोट्या शून्याचा माग काढत होता, त्यामुळे सूचना देण्याएवढा फरक पडद्यावर साठणं अवघडच होतं.

विमानतळावरचा मॉनिटरही इथे कामाचा नव्हता. अँटेनांतून निघणारा संदेश बरोबर आहे ना, एवढंच तो पाहतो, आणि बिघडला तर यंत्रणा बंद करतो. इथे निघणारा संदेश बरोबरच होता. तो वाटेत बिघडला.

ही शंका नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आंधळ्या उतरण्यावर प्रयोग करणारी खास तुकडी होती. तिथल्या अभियंत्यांचा त्या काळच्या लोकलायझरवर जमिनीजवळ विश्वासच नव्हता. त्यांनी धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना विजेच्या तारा पुरल्या आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून विमानाला मध्य दाखवला. पुढे लोकलायझर सुधारले, तारा पुरण्याचा खटाटोप मागे पडला. १० जून १९६५ रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट पॅरिसहून प्रवासी घेऊन हीथ्रोला आलं आणि स्वयंचलित यंत्रणेनं टेकलं. प्रवासी वाहतुकीतली ती पहिली खेप मानली जाते. लहरीवरचा तो जुना अविश्वास मात्र पुढे वेगळ्या रूपात नियमांमध्ये आला.

तो नियमांत कसा आला हे पाहायला आता खरं दाट धुकं कल्पून बघू. तीच धावपट्टी, तेच बोइंग, दृश्यमानता २०० मीटर.

आयएलएसवर उतरण्याचे ढोबळ तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात, कॅट १ मध्ये, वैमानिकाला २०० फुटांवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसावे लागतात आणि धावपट्टीवरची दृश्यमानता निदान ५५० मीटर लागते. कॅट २ मध्ये ही निर्णय-उंची १०० फुटांपर्यंत खाली येते, दृश्यमानता ३०० मीटरपर्यंत चालते. कॅट ३ त्याहून खाली, आणि त्याच्या सर्वांत कडक प्रकारांत निर्णय-उंची नसतेच : चाकं टेकेपर्यंत काही दिसलं नाही तरी चालतं. दृश्यमानता कोणी डोळ्यांनी सांगत नाही. धावपट्टीच्या कडेला बसवलेली उपकरणं हवेतून प्रकाश किती पार जातो ते मोजतात आणि त्यावरून सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या भागासाठी आकडा काढला जातो. त्याला आरव्हीआर म्हणतात.

धुकं या मर्यादांकडे सरकायला लागलं की विमानतळ कमी दृश्यमानतेची कार्यपद्धती लागू करतो आणि तसं वैमानिकांना कळवतो. विमानतळाचं वागणंच त्या क्षणापासून बदलतं. जमिनीवरची विमानं मागच्या, लांबच्या रेषेवर थांबवली जातात आणि तिथल्या लाल दिव्यांची ओळ विझल्याशिवाय पुढे येत नाहीत. टॉवरमधल्या कंट्रोलरलाही बाहेरचं काही दिसत नसतं, म्हणून तो जमिनीवरच्या रडारवर विसंबतो. उतरलेलं विमान सेन्सिटिव्ह टापूबाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय मागच्याला उतरायची परवानगी मिळत नाही. उडणाऱ्या विमानासाठी युरोपातला दंडक असा, की मागचं विमान टेकण्याच्या जागेपासून दोन सागरी मैलांवर येण्याआधी पुढचं विमान लोकलायझरच्या अँटेनांवरून पार गेलेलं असावं. आयएलएसचा वीजपुरवठा खंडित झाला तर पर्यायी पुरवठा क्षणाचाही खंड न पडता सुरू व्हावा लागतो. धावपट्टीच्या दिव्यांसाठी एका सेकंदाची सवलत असते.

विमानाच्या आतही क्रम ठरलेला असतो. दीड हजार फुटांच्या आसपास 'लँड ३' दिसायला हवं. ५०० फुटांखाली आडव्या वाऱ्यामुळे तिरकं धरलेलं नाक धावपट्टीच्या रेषेत आणण्याची तयारी सुरू होते. ६० ते ४० फुटांच्या दरम्यान फ्लेअर सुरू होतो : नाक हलकंसं वर, उतरण्याचा वेग कमी. २५ फुटांच्या आसपास इंजिनांचा जोर किमान पातळीवर येतो. चाकं टेकताना रोलआउट सुरू होतं आणि ऑटोपायलट लोकलायझर धरून विमान मध्यरेषेवर पळवत राहतो. या सबंध काळात कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवर, असतो आणि त्याच्या मनात एकच प्रश्न चालू असतो : हे चालू ठेवायचं की वर जायचं? स्वतःच्या हातानं विमान सावरून नेणं हा तिसरा पर्याय २०० मीटरच्या धुक्यात जवळजवळ नसतो. म्हणूनच त्याच्या वाट्याची डोळ्यांची कामगिरी जमिनीवरची शिस्त करते. लहर स्वच्छ राहील ही हमी तिथे कोणीतरी घेतलेली असते.

त्याची किंमत विमानतळ मोजतो. दोन विमानांतलं अंतर वाढतं, ताशी उतरणारी विमानं कमी होतात, उरलेली हवेत घिरट्या घालतात किंवा दुसरीकडे जातात. त्यामुळे ही कार्यपद्धती गरज असेल तेव्हाच लावतात, हेही रास्त आहे.

म्युनिकला ३ नोव्हेंबरला ती लागू नव्हती. हवामान कॅट १ मध्ये बसत होतं. टॉवरच्या लेखी हे नेहमीचं उतरणं होतं : वैमानिक दोनशे फुटांवर बाहेर बघेल, धावपट्टी दिसेल, आणि तिथून पुढे तो डोळ्यांवर उतरेल. लोकलायझर थोडा डगमगला तरी बिघडत नाही, कारण त्याच्याकडे कोणी पाहतच नसतं. बोइंगच्या वैमानिकांनी ऑटोलँड करतोय असं टॉवरला कळवलं नव्हतं. टॉवरला कळायला दुसरा मार्ग नव्हता. बाहेरून बघताना हातानं उतरणारं विमान आणि यंत्रानं उतरणारं विमान सारखंच दिसतं.

थोडक्यात, टॉवरची व्यवस्था वैमानिकाच्या डोळ्यांवर उभी होती आणि विमानाची व्यवस्था टॉवरनं राखलेल्या स्वच्छ लहरीवर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मधली जागा रिकामी.

माझ्या मते खरा धोका या अधल्यामधल्या हवामानात आहे. स्वच्छ आकाश असेल तर यंत्राच्या चुकीला वैमानिक लगेच पकडतो. दाट धुकं असेल तर सगळा विमानतळ त्याच्यासाठी जागा मोकळी करतो. पण ढग तीनशे फुटांवर, दृश्यमानता बरी, अशा दिवशी वैमानिकाला ऑटोलँडचा मोह होण्याइतकं हवामान वाईट असतं आणि विमानतळाला कार्यपद्धती बदलण्याइतकं ते वाईट नसतं. ऑटोलँड निवडण्यामागचा विचार मूर्खपणाचा नाही. लांबच्या प्रवासात थकवा असतो, ढगांतून बाहेर पडल्यावर फार वेळ हातात नसतो, आणि यंत्र हे काम अतिशय सफाईनं करतं. मात्र 'यंत्र करू शकतं' याचा अर्थ दोनशे मीटरच्या धुक्यात वेगळा आहे आणि इथे वेगळा, हे पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. 'लँड ३' दोन्हीकडे सारखंच दिसतं.

वैमानिकांना आधी थांबवता आलं असतं का? कागदावर, हो. ढगांच्या तळाखाली आल्यावर त्यांना धावपट्टी दिसत होती. तीनशे फुटांचा तळ धरला तर तिथून जमिनीपर्यंत वीस-बावीस सेकंदं मिळतात. पण विघ्न त्या वीस सेकंदांच्या अगदी शेवटी आलं, पन्नास फुटांवर. तोवर सगळं उत्तम चालू होतं. फ्लेअर सुरू होण्याच्या क्षणी विमानाच्या हालचाली तशाही बदलतात. त्यात साडेतीन अंशांचा कल वाऱ्याचा आहे, नाक सरळ करण्याचा आहे की चुकीचा आहे, हे ओळखून, ऑटोपायलट काढून, विमान हातात घ्यायला मिळतात फार तर तीन-चार सेकंदं. हे जमू शकतं, पण त्यासाठी आधीपासून अपेक्षा हवी. लहर वाकू शकते हे डोक्यात ठेवून बसलेला माणूस पहिल्याच अनपेक्षित कलावर बटण दाबतो. ती शक्यताच मनात नसलेला माणूस आधी यंत्राला संधी देतो.

गो-अराउंडचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा, प्रसंग वेगळाच धडा आहे. चाकं टेकण्याआधी टोगा दाबलं असतं, तर ऑटोपायलटनंच इंजिनांचा जोर वाढवून विमान वर नेलं असतं. चाकं टेकली की बोइंग ७७७ वर हे बटण निकामी होतं, कारण जमिनीवर चुकून दाबलं गेलं तर अनर्थ होईल. त्यानंतर वर जायचं असेल तर थ्रस्ट लिव्हर हातानं पुढे ढकलावे लागतात. म्युनिकला बटण दाबलं गेलं तेव्हा विमान टेकलेलं होतं. इंजिनांनी प्रतिसाद दिला नाही आणि ऑटोपायलट अजून चालूच होता, तोही रोलआउटमध्ये. वैमानिकांना वाटत होतं आपण वर निघालो आहोत, यंत्राच्या मते आपण उतरलो आहोत. हीच खाच पुढे ३ ऑगस्ट २०१६ रोजी दुबईत एमिरेट्सच्या ७७७-३०० ला महागात पडली. तिथे आयएलएसचा संबंध नव्हता, पण चाकं क्षणभर टेकल्यावर दाबलेल्या टोगानं काही केलं नाही, इंजिनं किमान जोरावरच राहिली आणि विमान धावपट्टीवर आपटलं. प्रवासी आणि कर्मचारी वाचले, आग विझवणारा एक जवान मात्र गेला.

म्युनिकच्या प्रकरणात दोष कोणाचा, यावर वैमानिकांना बोल लावून मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी टॉवरला सांगायला हवं होतं, यात शंका नाही. पण सांगितल्यानं टापू आपोआप मोकळा होत नाही. कमी दृश्यमानतेची कार्यपद्धती लागू नसताना तो मोकळा ठेवण्याची सक्ती कंट्रोलरवर नसते. गर्दीच्या वेळी तो नाही म्हणू शकतो. सांगण्याचा फायदा एवढाच, की उत्तर 'नाही' आलं तर वैमानिक त्याप्रमाणे वागतात : एक तर हातानं उतरवतात किंवा लहर कधीही वाकेल असं धरून, बोट ऑटोपायलट काढण्याच्या बटणावर ठेवून बसतात. हा फायदा छोटा नाही.

आणि हा प्रश्न एका विमानाचा किंवा एका कंपनीचा नाही. धुक्यात ऑटोलँड करण्याची परवानगी टिकवायची, तर विमानाची यंत्रणा आणि वैमानिकांचा सराव दोन्ही ताजे ठेवावे लागतात. त्यासाठी कंपन्या बऱ्या हवामानातही अधूनमधून ऑटोलँड करून घेतात. म्हणजे धुक्याची तयारी बहुतेक वेळा अशा दिवशी होते, जेव्हा लोकलायझरसमोरून विमानं मुक्तपणे जात-येत असतात. अमेरिकेत यासाठी आकडा ठरलेला आहे : ढगांचा तळ ८०० फुटांखाली किंवा दृश्यमानता दोन मैलांखाली गेल्याशिवाय टॉवर क्रिटिकल टापू राखत नाही. वैमानिकांनी ऑटोलँड करत असल्याचं टॉवरला कळवावं असं तिथली मार्गदर्शिका सांगते.

यातून सुटण्याचा तांत्रिक मार्ग उपग्रहांकडून आला आहे. जीबीएएस नावाच्या व्यवस्थेत विमान उपग्रहांवरून आपली जागा काढतं आणि विमानतळावरचं केंद्र त्या मोजणीतल्या चुका दुरुस्त करून पाठवतं. उतरण्याची वाट लहरीच्या आकारात नसून आकड्यांत असते, त्यामुळे धावपट्टीवर उभ्या विमानानं ती वाकत नाही. फ्रँकफर्टला २०१४ पासून कॅट १ साठी ती वापरात आली. पण जगभरात कॅट ३ चं, दाट धुक्यातलं, काम आजही मुख्यतः आयएलएसच करतो, आणि तिथे अँटेनांसमोरची ती रिकामी जमीन राखावीच लागते. अमेरिकेत हवामान चांगलं असताना वैमानिकानं ऑटोलँड कळवलं, की टॉवरचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : आयएलएसचा क्रिटिकल टापू राखलेला नाही.